वाचकांचे प्रश्न : बिऱ्हाड पुण्यात आल्यावर

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर या सदराकडे येणारी पत्रं बहुतेक बदलीची असतात. कुणी गुरगावहून आलेलं, कुणी कोलकात्याहून, कुणी पंचवीस वर्षांनी परत आपल्याच गावात. ट्रक रिकामा झाला म्हणजे घर हललं असं आपण धरून चालतो, पण पुढचे दोन-तीन महिने कागद, पाणी, गॅस, मुलांची भाषा यांतच जातात. या अंकातली सगळी उत्तरं त्याच दिवसांबद्दल आहेत. कामं बरीच आहेत आणि त्यांना क्रम आहे. तो चुकला की एकाच कामासाठी तीन-तीन खेपा होतात, म्हणून सुरुवात कराराच्या प्रश्नापासून.

गुरगावहून बदली होऊन बाणेरला आलो. घरमालक म्हणतात, करार अकराच महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू. तिकडे असंच चालत होतं. इथे चालेल का?

नाही चालणार. नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारांना नोंदणीची सक्ती नाही, त्यातूनच देशभर अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मालकांना शांतपणे सांगावी. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे नोंदणी टाळून धोका पत्करतात ते मालकच.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते काढताना पूर्ण मुदतीचं भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांची बेरीज घेतात. समजा भाडं २५,००० आणि डिपॉझिट एक लाख आहे. अकरा महिन्यांचं भाडं २,७५,०००, डिपॉझिटवरचं व्याज सुमारे ९,१६७, म्हणून शुल्क सुमारे ७१० रुपये. शहरी हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटचे पैसे वेगळे. ते कोण भरणार हे आधी ठरवा. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइन नोंदणी होते, त्यामुळे बहुतेक वेळा एजंट मशीन घेऊन घरी येतो. मालक, तुम्ही आणि दोन साक्षीदार एवढी माणसं लागतात.

अंगठा देण्याआधी मसुदा स्वतः वाचा. डिपॉझिट घर सोडल्यावर किती दिवसांत परत मिळणार, रंगाचे पैसे कापणार का, किती, लॉक-इन (ज्या मुदतीत घर सोडता येत नाही) किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, हे आकड्यांत लिहिलेलं हवं. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी जे ना-वापर शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसतं आणि सोसायटीला ते द्यायचं असतं सभासदाने, म्हणजे मालकाने. ते भाड्यात धरलंय की नाही, हेही करारात येऊ द्या. चावी घ्याल त्याच दिवशी वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो काढा आणि महावितरणच्या १२ आकडी ग्राहक क्रमांकावर मागची बाकी तपासा. जुन्या भाडेकरूचं थकलेलं बिल नव्याच्या नावाने खपवलं जातं, ते बहुधा इथेच. भाडेकरूची माहिती पोलिसांकडेही नोंदवायची असते. ती मालकाने ऑनलाइन भरली का, ते विचारा आणि पावतीची प्रत घ्या.

एक बारीक गोष्ट अनेकांच्या हातून राहते. करारात नवरा-बायको दोघांचीही नावं घाला, आणि आधारवर जशी आहेत अगदी तशीच. एकाचंच नाव असलं तर दुसऱ्याकडे पत्त्याचा पुरावाच उरत नाही.

करार आणि इंडेक्स टू (नोंदणी झाल्याचा सरकारी उतारा) हातात आले की पुढचा क्रम असा: आधी आधारवरचा पत्ता, मग बँक, मग गॅस. मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरा. फॉर्म ६ नव्या मतदारासाठी असतो. तो भरलात तर नाव दोन ठिकाणी लागण्याची शक्यता असते. आधार सोडून बँकेपासून सुरुवात केली, तर बँक पुन्हा आधारकडेच पाठवते.

सामान कोलकात्याहून आलं. समोरून दार असलेलं वॉशिंग मशीन पहिल्याच धुण्याला एवढं हादरलं की जागचं हाताभर सरकलं. मशीन गेलं का?

लगेच तसं समजू नका. प्लग काढा आणि मशीनची मागची बाजू पाहा. या प्रकारच्या मशीनचा ड्रम आत स्प्रिंगांवर टांगलेला असतो आणि खालून शॉकअप त्याला धरून ठेवतात. प्रवासात तो आपटू नये म्हणून मागून तीन-चार लांब बोल्ट लावून ड्रम बॉडीला जखडतात. त्यांना ट्रान्झिट बोल्ट म्हणतात. ते काढायचे राहिले तर पिळताना ड्रमचा सगळा हादरा थेट बॉडीला बसतो आणि मशीन जागेवरून सरकायला लागतं. पान्याने बोल्ट काढा, भोकांवर प्लॅस्टिकची टोपणं लावा आणि बोल्ट पिशवीत घालून मशीनच्या कागदांबरोबर ठेवा. पुढच्या बदलीला लागतील.

भोकांवर आधीच टोपणं असतील तर उलटा प्रकार झालाय: बोल्ट न लावताच मशीन दोन हजार किलोमीटर आलं. दार उघडून ड्रम हाताने खाली दाबा. मऊपणे खाली जाऊन परत वर आला तर ठीक. एका बाजूला कललेला राहिला किंवा बॉडीला घासला, तर स्प्रिंग किंवा शॉकअप गेलाय. तो बदलून मिळतो, मशीन टाकायची गरज नाही. दोन्ही ठीक असतील तर पाय बघा. फरशीवर चारही पाय टेकले पाहिजेत आणि उंची जुळवल्यावर पायाचं लॉकनट वर घट्ट बसलं पाहिजे.

फ्रिज आडवा आला असेल तर उभा करून लगेच सुरू करू नका. आडवं पडल्यावर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं, ते परत खाली उतरायला वेळ लागतो. उभाच आला असेल तर चार-सहा तास पुरेत. दोन दिवस आडवा प्रवास झाला असेल तर एक पूर्ण दिवस थांबा.

मोडतोड झाली असेल तर डिलिव्हरीच्या कागदावर सही करण्याआधी ती तिथेच लिहा, 'सामान मिळालं' एवढ्यावर थांबू नका. मालवाहतूकदाराविरुद्ध दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस गेलेली असावी लागते. तोंडी तक्रार आणि व्हॉट्सअॅपवरचे फोटो यांवर सहा महिने निघून जातात आणि मग हातात काही राहत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि 'ई-वे बिलाचे' म्हणून जादा पैसे मागितले असतील तर लक्षात घ्या, वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही.

वाघोलीत टँकर आणि बोअरचं पाणी आहे. तूरडाळ सहा-सात शिट्ट्या केल्या तरी दाणा राहतो. पूर्वी तीन शिट्ट्यांत वरण व्हायचं. कुकर बदलू का?

आधी कुकरची गॅस्केट पाहा. कडक झाली असेल तर वाफ कडेने निघून जाते, शिट्टी उशिरा होते. ती ठीक असेल तर कारण पाण्यात आहे.

डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. शिजताना हे पेक्टिन विरघळतं, म्हणून दाणा मऊ होतो. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं, ते पेक्टिनला बांधून ठेवतं, मग शिट्ट्या वाढवूनही दाणा दाणाच राहतो. उकाड्यात, दमट हवेत बरेच महिने पडलेली डाळ याच कारणाने आणखी हट्टी होते. तेव्हा डब्यातली डाळ किती जुनी आहे, तेही बघा.

पाणी जड आहे का हे घरीच कळतं. दोन सारख्या बाटल्या अर्ध्या भरा, एकीत नळाचं पाणी आणि दुसरीत आरओचं. अंगाच्या साबणाचे किसून सारखेच तुकडे दोन्हींत टाका आणि दहा-पंधरा वेळा हलवा. आरओच्या बाटलीत फेस उभा राहतो, पाणी स्वच्छ दिसतं. जड पाण्याच्या बाटलीत फेस बसतो आणि वर दुधाळ साका येतो. लॅबमधून तपासून घेतलंत तर पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातला आकडा लक्षात ठेवा: जडपणा २०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चांगला, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

उपाय साधा आहे. डाळ धुऊन अर्धा-पाऊण तास भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि शिजवायला आरओचं पाणी घ्या. वाटीभर डाळीला दीड-दोन वाट्या पाणी लागतं, म्हणजे रोजचा प्रश्न अर्ध्या लिटरचा आहे. आरओ नसेल तर खाण्याचा सोडा वाटीमागे चिमूटभर, चमच्याच्या आठव्या भागाइतका. त्याहून जास्त घातला तर वरण बुळबुळीत होतं आणि डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व जातं. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला. आंबटात पेक्टिन विरघळायला तयार नसतं.

कोलकात्या-चेन्नईहून आलेल्यांसाठी एक जोड. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यातल्या भाताला, छोल्यांना थोडा वेळ जास्त लागतो. कुकरमध्ये हा फरक जाणवण्याइतका नसतो.

याच पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर जमतो, त्यामुळे पाणी उशिरा तापतं आणि बिल वाढतं. थर्मोस्टॅट ५०-५५ अंशांवर ठेवलात तर थर सावकाश बसतो. जड पाणी असेल तर वर्षातून एकदा कॉइल काढून साफ करून घ्या. उलट, तुमच्या ओळखीतलं कुणी शहराच्या जुन्या भागात राहत असेल आणि त्यांना खडकवासल्याचं महापालिकेचं पाणी येत असेल, तर त्यांना आरओ घ्यायला सांगू नका. ते पाणी मुळात हलकं आहे, साधा यूव्ही फिल्टर पुरतो. आरओ लावला तर एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जातं.

नव्या फ्लॅटमध्ये पाइपचा गॅस आहे. दिल्लीची शेगडी त्यालाच जोडली तर ज्योत इतकी बारीक येते की कुकर शिट्टीच घेत नाही.

शेगडी सिलिंडरची आहे आणि गॅस वेगळा आहे, एवढंच झालंय. सिलिंडरमधल्या गॅसच्या एका घनमीटरमधून पाइपच्या गॅसच्या साधारण अडीचपट उष्णता निघते. शिवाय पाइपमधला दाबही कमी, सुमारे २१ मिलिबार. सिलिंडरच्या रेग्युलेटरमागे तो ३० च्या आसपास असतो. तेव्हा तेवढीच आच हवी तर बर्नरखालच्या जेटचं भोक मोठं लागतं. गॅस कंपनीचा माणूस जोडणी देताना जेट बदलून देतो. तुमच्या वेळी ते राहिलंय. कंपनीकडे नोंद करा. टाचणी किंवा ड्रिलने भोक मोठं करायला कुणी सुचवलं तर ऐकू नका. भोक वाकडं झालं की ज्योत पिवळी होते, भांडी काळी पडतात आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बदल केल्यावर ज्योत निळी, न फडफडणारी हवी.

सवय मात्र बदलावी लागेल. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळती झाली तर जमिनीलगत साचतो. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो. म्हणून स्वयंपाकघराचं वरचं व्हेंटिलेटर कायम उघडं ठेवा, थंडीतसुद्धा.

दिल्लीचं सिलिंडर कनेक्शन जमा केलंत का? सिलिंडर आणि रेग्युलेटर परत देऊन व्हाउचर घेतलं की डिपॉझिट मिळतं, आणि पुढे कधी सिलिंडर लागला तर तोच कागद दाखवून कनेक्शन सुरू होतं. हे काम घर सोडण्याआधी करायचं असतं. राहिलं असेल तर तिथल्या एजन्सीशी आजच बोला.

गाडी दिल्ली पासिंगची आहे, २०१९ ची पेट्रोल. इथे एमएच नंबर घ्यावाच लागेल का? कंपनी म्हणते दोन वर्षांत परत बोलावू शकते.

दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली, तर तिथला नंबर घेणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे बंधनकारक आहे. वर्षाच्या आत परत जाणार असाल तर नंबर बदलू नका. टोलच्या पावत्या, बदलीचं पत्र, सामानाची बिल्टी गाडीत ठेवा, म्हणजे गाडी कधी आली ते दाखवता येतं.

तुम्हाला दोन वर्षं राहायचंय, म्हणून तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. सरसकट वाट अशी: दिल्लीच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत घ्यायची. कर्ज बाकी असेल तर आधी बँकेची ना-हरकत. थकलेली चलनं भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, तेव्हा ती पहिल्यांदा मिटवा. मग पुणे आरटीओकडे, म्हणजे एमएच १२ साठी, नव्या नंबराचा अर्ज फॉर्म २७ वर. पिंपरी-चिंचवड हद्दीत राहत असाल तर एमएच १४. सोबत मूळ आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याला नोंदणीकृत करार आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. गाडी तपासायला न्यावी लागते. महाराष्ट्राचा रोड टॅक्स गाडीची किंमत आणि वय बघून एकरकमी भरावा लागतो. नवीन आरसी आली की तिची आणि टॅक्सच्या पावतीची प्रत लावून दिल्लीत उरलेल्या वर्षांचा टॅक्स परत मागा. हा अर्ज लोक कंटाळून सोडून देतात. सहा-सात वर्षं जुन्या गाडीतही ती रक्कम सोडण्याजोगी नसते.

दुसरी वाट बीएच, म्हणजे 'भारत' मालिकेच्या नंबराची. २०२१ मध्ये ती सुरू झाली. सरकारी, संरक्षण आणि सार्वजनिक उपक्रमांतल्या कर्मचाऱ्यांना ती मिळते, आणि खासगी कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर तिथल्यांनाही. कंपनीने फॉर्म ६० वर दाखला द्यायचा. टॅक्स दोन वर्षांचा भरायचा, आणि राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो. आधी नोंदलेली गाडीही या मालिकेत नेता येते. दर दोन-तीन वर्षांनी बदली असणाऱ्यांनी आधी इथेच चौकशी करावी. इथून कायमचं हलायचं नसेल तर एमएच बरा.

नंबर बदलला की तो विम्यात आणि फास्टॅगवर त्याच आठवड्यात बदला. विमा जुन्या नंबरावर राहिला आणि अपघात झाला, तर क्लेमच्या वेळी महिनाभर खुलासे देत बसावं लागतं.

मुलगा लखनौच्या सीबीएसई शाळेतून आला, आता सातवीत. घरात बोलतो हिंदी, आजीशी मोडकं मराठी. शाळेत मराठी सक्तीची आहे. देवनागरी येते, मग इतका अडतो कुठे?

देवनागरी येते म्हणूनच अडतो. अक्षरं ओळखीची दिसतात, त्यामुळे तो हिंदीच्या चालीने वाचतो आणि आपण चुकतोय हे त्याला कळतही नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. या कारणाने बदलीच्या घरांतून हा प्रश्न सारखा येतो. त्याच्या चुका ठरलेल्या चार जागी असतील.

पहिली ळ. तो 'काळा'ला 'काला' आणि 'पोळी'ला 'पोली' म्हणत असेल. जिभेचं टोक वळवून टाळूला लावून सोडायला शिकवा, आणि बाल-बाळ, मूल-मूळ, काल-काळ अशा जोड्या आलटून-पालटून वाचून घ्या.

दुसरी च आणि ज. मराठीत त्यांचे दोन उच्चार आहेत. इ, ई, ए यांच्याआधी ते हिंदीसारखेच राहतात: चिमणी, जीभ, चेंडू. मराठी वळणाच्या शब्दांत अ, आ, उ, ऊ, ओ आले की बहुतेक वेळा जीभ दातांकडे जाते: चाक, चूक, जोर, झाड. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले 'चंद्र', 'चरण', 'जल' पुन्हा हिंदीसारखेच. 'चार' आणि 'चारा' एकापाठोपाठ म्हणून दाखवा, फरक कानालाच कळेल.

तिसरी लिंगं, आणि ही सर्वांत चिवट. हिंदीत दोन, मराठीत तीन. 'किताब अच्छी है' म्हणणारा मुलगा 'पुस्तक चांगली आहे' म्हणणारच, आपल्याकडे ते 'चांगलं'. घर नपुंसकलिंगी, आवाज आणि विजय हिंदीत स्त्रीलिंगी तर आपल्याकडे पुल्लिंगी. नियम पाठ करून हे येत नाही. नवा शब्द वहीत लिहिताना नेहमी तो, ती, ते लावूनच लिहायला सांगा: तो आवाज, ती खिडकी, ते घर.

चौथी शब्दाचं सामान्यरूप. हिंदीत 'घर में', मराठीत 'घरात'. 'शाळा'चं 'शाळेत', 'रस्ता'चं 'रस्त्यावर', 'पुणे'चं 'पुण्याला'. तो 'घर मध्ये' असं तोडून लिहीत असेल, गुण तिथे जातात.

बोलताना आणखी दोन गोष्टी समजावून सांगा. हिंदीतल्या एका 'हम'चे मराठीत दोन होतात. 'आपण खेळायला जाऊ' म्हटलं की समोरचा मित्र त्यात आला, 'आम्ही जातो' म्हटलं की तो वगळला गेला. मुलाने भोळेपणाने 'आम्ही जातो' म्हटलं तर मित्राला वाटतं, मला घेत नाहीत. दुसरं, दिसायला तेच पण अर्थाने वेगळे शब्द. शिक्षा म्हणजे इथे दंड, चेष्टा म्हणजे थट्टा, राग म्हणजे चीड. बाईंनी 'शिक्षा करीन' म्हटल्यावर तो खूश होऊन बसला, तर त्यात त्याचा दोष नाही.

पुस्तक सातवीचं घेऊन बसू नका. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात, त्यातलं इंग्रजी माध्यमासाठीचं पाचवीचं 'मराठी सुलभभारती' उतरवून घ्या. रोज वीस मिनिटं: दहा मिनिटं आजीला मोठ्याने वाचून दाखवायचं, पाच ओळी शुद्धलेखन, दोन नवे शब्द वहीत. वाचताना आजींनी प्रत्येक चूक अडवू नये, परिच्छेद संपल्यावर दोनच सांगाव्यात. दर ओळीला अडवलं की मूल वाचायचंच सोडतं. दिवाळीपर्यंत सहावीच्या पुस्तकावर आला तर चांगली गती समजा.

मुलगी नववीत. दहावी दिल्लीतच करू द्यावी आणि मग पुण्याला आणावी, असं घरात चाललंय. तिला डॉक्टर व्हायचंय.

मग दहावीपर्यंत थांबू नका. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी, काही ठरावीक सवलती सोडल्या तर, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून उत्तीर्ण असाव्या लागतात, शिवाय अधिवासाचा दाखला. दहावी दिल्लीत झाली तर अखिल भारतीय कोट्यातल्या १५ टक्के जागांची वाट उरते, राज्य कोट्यातल्या ८५ टक्क्यांची बंद होते. बोर्ड कोणतं याला महत्त्व नाही, शाळा महाराष्ट्रात हवी. सवलती मुख्यतः बदलीच्या सरकारी आणि संरक्षण सेवेतल्यांच्या मुलांना आहेत. तुम्ही त्यांत बसता का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून तपासा.

सीबीएसईची नोंदणी नववीतच होते आणि थेट दहावीत प्रवेशासाठी बोर्डाची परवानगी लागते, म्हणून हलवायचं ते याच वर्षी. इंजिनीअरिंगला इतकी अडचण नाही, तिथे आईवडिलांचा महाराष्ट्रातला अधिवासही धरला जातो.

पगारपत्रकात दरमहा २०० रुपये 'पीटी' कापले जातात. दिल्लीत असं काही नव्हतं.

तो व्यवसाय कर आहे. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेशात तो नाही, महाराष्ट्रात आहे. अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. स्त्रियांना दरमहा २५,००० पर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. जुन्या करप्रणालीत असाल तर या रकमेची वजावट मिळते, नव्या प्रणालीत नाही.

आई चाळीस वर्षं दिल्लीत राहिली. आता कोथरूडला आमच्याकडे आली आहे. भाषा तिचीच आहे, तरी दिवसभर खिडकीत बसून असते. काय करावं?

भाषा परत मिळाली, पण ओळखीची माणसं, भाजीवाला, डॉक्टर, देवळाची वाट, हे सगळं एका दिवसात गेलं. ते एकेक करून परत उभं करायचं आणि त्यात पहिला डॉक्टर. जुन्या डॉक्टरांकडून आजारांचा, औषधांचा आणि अॅलर्जीचा एक पानी सारांश मागवा. कोथरूडमध्ये चालत जाता येईल असा एक फॅमिली डॉक्टर ठरवा आणि त्रास नसताना एकदा ओळख करून द्या. औषधं दोन महिन्यांची हाताशी असू द्या, म्हणजे घाईत ब्रँड बदलावा लागणार नाही. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही, 'जीवन प्रमाण' इथूनही देता येतं.

मग रोज घराबाहेर पडायला एक कारण हवं, आणि ते त्यांच्या हातातलं काम असावं. भाजी आणायचं काम त्यांच्याकडे सोपवा, पैसेही त्यांच्याकडेच द्या. पहिले आठ दिवस कुणीतरी बरोबर जा, वाटेतले उंच फुटपाथ आणि रस्ता कुठे ओलांडायचा ते दाखवा, नंतर त्यांना एकट्या जाऊ द्या. बहुतेक भागांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रं आहेत, भजनी मंडळं आहेत. पहिल्या भेटीत त्या गप्प बसतील, चौथ्या-पाचव्या भेटीपर्यंत थांबा. पीएमपीचा ज्येष्ठांसाठीचा सवलतीचा पास काढून द्या आणि कोथरूडहून डेक्कनपर्यंतची एक बस पाठ करून घ्या. दुपारी दोन ते चार ही वेळ सर्वांत जड जाते, तेव्हा दिल्लीच्या शेजारणीला फोन करायची वेळ तीच ठरवा.

गुरुवारी अधूनमधून पाणीच येत नाही. सोसायटीत विचारलं तर म्हणाले, गुरुवार आहे ना.

देखभालीच्या कामांसाठी महापालिका बहुधा गुरुवारीच पाणी बंद ठेवते, आणि विजेच्या दुरुस्त्याही बऱ्याचदा त्याच दिवशी काढतात. दर गुरुवारी नसतं. बुधवारच्या पेपरात भागांची यादी येते, तिच्यात आपल्या पंपिंगचं किंवा टाकीचं नाव शोधायचं. ते कोणतं, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून फ्रिजवर लिहून ठेवा. बुधवारी रात्री पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी भरून घ्या, माणशी साताठ लिटर पुरतं. शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येतं, आणि पहिलं थोडं गढूळ असतं. ते फिल्टरमधून जाऊ देऊ नका, आतलं कँडल लवकर चोंदतं. बादलीत सोडा, झाडांना घाला, पाणी निवळ दिसलं की मगच फिल्टर सुरू करा.